सतलजच्या खोऱ्यात दिवा घेऊन गेलेला भिक्खू : अतिश दीपंकर श्रीज्ञान

लाखनीहून साकोली आणि तिथून अर्जुनी मोरगावच्या बाजूने गेले की गोठणगावजवळ तिबेटी बांधवांची वसाहत लागते. नॉर्ग्येलिंग तिचे नाव. १९७२ साली ती वसली तेव्हा तो सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि वसाहत तिकडे गेली, तरी तिबेटी लोक आजही तिला भंडाऱ्याची वसाहत म्हणूनच ओळखतात. आपल्याकडच्या बहुतेकांना हे लोक माहीत आहेत ते थंडीत स्वेटर विकणारे म्हणून. बुद्धाला मानणारे आहेत, एवढे आपल्याला ठाऊक असते. त्यापलीकडे ओळख फारशी जात नाही.

आपल्या विहारांतून तिबेटचा विषय निघाला की दोन आक्षेप हमखास येतात. तो लामांचा, तंत्रमंत्राचा धर्म. बाबासाहेबांनी दिलेल्या बुद्धिवादी धम्माशी त्याचा काय संबंध, हा पहिला. आणि तो हिमालयापलीकडचा इतिहास. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या आपल्या पोरांनी तो कशाला वाचायचा, हा दुसरा. दोन्ही आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो. त्यांचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडते असे आम्हाला वाटते. हजार वर्षांपूर्वी बंगालमध्ये जन्मलेला, समुद्रापार शिकलेला आणि साठीच्या उंबरठ्यावर हिमालय ओलांडून गेलेला हा माणूस म्हणजे भिक्खू अतिश दीपंकर श्रीज्ञान. तिबेटी घराघरांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. ज्या भारताने त्यांना घडवले, तिथे मात्र शाळेच्या पुस्तकात त्यांना दोन ओळीही मिळत नाहीत.

हत्तीच्या मुखातून निघणारी नदी

अतिश ज्या खोऱ्यात गेले, ते आधी पाहू. पश्चिम तिबेटात कैलास पर्वत आणि मानसरोवराच्या परिसरातून चार मोठ्या नद्या चार दिशांना जातात. तिबेटी लोकांनी त्यांना चार प्राण्यांची नावे दिली आहेत. सिंहाच्या मुखातून निघणारी ती सिंधू, घोड्याच्या मुखातून निघणारी ब्रह्मपुत्रा, मोराच्या मुखातून निघणारी कर्नाली आणि हत्तीच्या मुखातून निघणारी सतलज. सतलजचे तिबेटी नाव लांगचेन खाबाब, म्हणजे शब्दशः हत्तीच्या मुखातून उतरलेली. हीच नदी पुढे शिपकी खिंडीजवळ किन्नौरमध्ये भारतात शिरते आणि भाक्रा धरणावरून पंजाबात उतरते.

बौद्ध, हिंदू, जैन आणि बोन या चारही परंपरांनी हा प्रदेश पवित्र मानला आहे. पण तो केवळ यात्रेकरूंचा प्रदेश नव्हता. तिबेटचे साम्राज्य उभे राहण्याच्या कितीतरी आधी इथे झांगझुंग नावाचे राज्य होते. त्यांची भाषा वेगळी होती, धर्म बोन होता. सतलजकाठी ख्युंगलुंग नावाची जागा आहे. ख्युंग म्हणजे गरुड आणि लुंग म्हणजे खोरे. कड्यात खोदलेल्या गुहा आणि मातीच्या पडक्या भिंती तिथे आजही दिसतात. परंपरा तिला झांगझुंगची राजधानी, रुप्याचा किल्ला म्हणते. याच भागातील गुरग्याम येथील प्राचीन थडग्यांत रेशमी कापड आणि चहाच्या पानांचे अवशेष मिळाले आहेत. ते सुमारे १,८०० वर्षांपूर्वीचे आहेत. ज्या उंचीवर आज झाड दिसणे मुश्कील, तिथे इतक्या जुन्या काळी दूरदेशीचे रेशीम आणि चहा पोहोचत होता. म्हणजे हे खोरे जगापासून तुटलेले नव्हते, तर व्यापाराच्या वाटांवर होते.

सातव्या शतकात तिबेटचा सम्राट स्रोंगचन गाम्पो याने झांगझुंग जिंकले. पुढे दोनशे वर्षे तिबेटचे साम्राज्य टिकले, बौद्ध धम्म राजाश्रयाने वाढला, साम्येसारखा मोठा विहार उभा राहिला. मग ८४२ मध्ये सम्राट लांगदार्माची हत्या झाली आणि सगळे विस्कटले. राज्य फुटले, भिक्खू पांगले, विहारांना कुलपे लागली. लांगदार्माच्या वंशातील एक शाखा पश्चिमेला सतलजच्या खोऱ्यात येऊन स्थिरावली. तिथे गुगे हे राज्य उभे राहिले. थोलिंग आणि छापरांग ही त्याची मुख्य ठिकाणे.

राजाने पोरे शिकायला पाठवली

गुगेच्या राजघराण्यात दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात येशे-ओ नावाचा राजा झाला. त्याच्यासमोरची अडचण आपल्या ओळखीची आहे. लोक स्वतःला बौद्ध म्हणवत होते, पण धम्म नेमका काय हे सांगणारे कोणी उरले नव्हते. ग्रंथ अर्धवट, भाषांतरे चुकीची. तंत्राच्या नावाखाली कोणी दारू पीत होते, कोणी प्राण्यांचे बळी देत होते, कोणी मंत्राच्या धाकाने लोकांना लुबाडत होते. विनय पाळणारा भिक्खुसंघ नव्हता. नाव बुद्धाचे आणि आचार भलताच, अशी गत होती.

येशे-ओने यावर मोठा महाल किंवा उंच पुतळा बांधून उत्तर शोधले नाही. त्याने २१ हुशार तरुण निवडले आणि त्यांना काश्मीर व भारतात संस्कृत आणि बौद्ध ग्रंथ शिकायला पाठवले. थंड हवेत वाढलेली ही पोरे मैदानी उष्मा, ताप आणि सर्पदंश यांनी एकामागून एक मेली. परत आले फक्त दोघे. त्यांतला एक रिंचेन झांगपो. त्याने उरलेले आयुष्य भाषांतरात घातले. काश्मिरी कारागीर सोबत आणून त्याने विहार उभे केले. ९९६ मध्ये सतलजकाठी थोलिंगचा विहार आणि त्याच वर्षी आजच्या हिमाचलातल्या स्पितीमध्ये ताबोचा विहार स्थापन झाला. ताबोच्या भिंतींवरची चित्रे आजही पाहता येतात.

२१ गेले आणि २ परतले. तरी त्या राज्याने पुन्हा माणसे पाठवणे थांबवले नाही. ही जिद्द होती म्हणूनच पुढे अतिश त्या खोऱ्यात आले.

विक्रमपूरचा चंद्रगर्भ

आता अतिशांकडे वळू. त्यांचा जन्म ९८२ चा. गाव बंगालमधील विक्रमपूर, आजच्या बांगलादेशात ढाक्याजवळ. वडील कल्याणश्री तिथले राजे, आई प्रभावती. तीन भावांत मधला हा मुलगा. नाव ठेवले चंद्रगर्भ. तिबेटी चरित्रकारांनी त्याच्या तरुणपणाचे वर्णन सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या वळणावर केले आहे. भक्तांनी घातलेली ही भर बाजूला ठेवली तरी मूळ गोष्ट स्पष्ट आहे : राजवाडा सोडून हा तरुण विद्येच्या मागे लागला.

त्याच्या शिक्षणाची यादी पाहिली की छाती दडपते. जेतारी, नालंदेचे बोधिभद्र, अवधूतीपा असे गुरू. कृष्णगिरी विहारात राहुलगुप्त यांच्याकडे तो ध्यान शिकला. हा कृष्णगिरी कोणता यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काही जण तो मगधातला डोंगर मानतात, तर काही जण मुंबईच्या बोरिवलीजवळची आपली कान्हेरी लेणी. कान्हेरीच्या शिलालेखांत त्या डोंगराचे नाव कण्हगिरी, कृष्णगिरी असेच आले आहे. शंभराहून अधिक लेणी असलेले ते विद्याकेंद्र त्या काळापर्यंत नांदते होते. कृष्णगिरी म्हणजे कान्हेरी हे मत खरे असेल, तर तिबेटचा सर्वांत आदरणीय भारतीय आचार्य काही काळ महाराष्ट्राच्या मातीत शिकला होता.

तरुणपणी त्याने तंत्राचाही खोल अभ्यास केला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याला महत्त्व आहे. मग २९ व्या वर्षी त्याने महासांघिक परंपरेत भिक्खूची उपसंपदा घेतली आणि दीपंकर श्रीज्ञान हे नाव धारण केले. तंत्र जाणणारा हा माणूस भिक्खू झाला तो विनय हाच पाया आहे हे पटल्यामुळे.

तेरा महिन्यांचा समुद्र

दीपंकरांना एका प्रश्नाने पछाडले होते. बोधिचित्त, म्हणजे सर्वांच्या मुक्तीसाठी झटण्याची वृत्ती, माणसाच्या मनात खरोखर कशी रुजवायची? याचे उत्तम शिक्षण सुवर्णद्वीपात, म्हणजे सुमात्रा बेटावर, आचार्य धर्मकीर्ती यांच्याकडे मिळते असे त्यांनी ऐकले. (प्रमाणवार्तिक लिहिणारे सातव्या शतकातले धर्मकीर्ती वेगळे.) तिथे तेव्हा श्रीविजय हे बौद्ध राज्य होते. सातव्या शतकात चिनी भिक्खू इत्सिंग भारतात येण्यापूर्वी तिथेच संस्कृत व्याकरण शिकला होता. नवव्या शतकात तिथल्या बालपुत्रदेव राजाने नालंदेत विहार बांधून दिला, त्याचा ताम्रपटही सापडला आहे.

१०१२ च्या सुमारास दीपंकर व्यापाऱ्यांसोबत जहाजावर चढले. वादळे, थांबलेले वारे, दिशा चुकणे या सगळ्यांतून प्रवासाला १३ महिने लागले असे चरित्रे सांगतात. तिथे ते १२ वर्षे राहिले. स्वतःचे सुख दुसऱ्याला द्यायचे आणि दुसऱ्याचे दुःख आपल्याकडे घ्यायचे, या वृत्तीचा सराव रोज कसा करायचा ही शिकवण त्यांनी तिथून आणली. पुढे आयुष्यभर या गुरूचे नाव निघाले की त्यांचे हात आपोआप जोडले जात, डोळे पाणावत.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भारत ही बुद्धाची भूमी, म्हणून सगळे ज्ञान आपल्याकडेच आहे, असे त्यांनी मानले नाही. जिथे शिकवणारा होता तिथे ते गेले.

विक्रमशिला आणि युद्धाच्या मधोमध उभा भिक्खू

१०२५ च्या सुमारास ते परतले. पुढे पाल राजा नयपालाच्या काळात विक्रमशिला महाविहाराचे ते प्रमुख आचार्य होते. हा महाविहार आजच्या बिहारमध्ये भागलपूर जिल्ह्यात अंतिचक येथे होता. उत्खननात मधोमध भव्य स्तूप आणि चारही बाजूंनी भिक्खूंच्या दोनशेहून अधिक खोल्या असा आराखडा उघडा झाला आहे. दूरदूरचे विद्यार्थी, त्यांत तिबेटी विद्यार्थीही, तिथे राहत. अनेक विहारांच्या किल्ल्या दीपंकरांच्या कमरेला असत, म्हणजे त्यांच्यावर कारभाराची एवढी जबाबदारी होती, असे परंपरा सांगते.

याच काळात पश्चिमेच्या कर्ण राजाने मगधावर स्वारी केली. हा राजा जबलपूरजवळच्या त्रिपुरीच्या कलचुरी घराण्यातला, असे इतिहासकार धरतात. म्हणजे आपल्या वैनगंगेच्या उत्तरेकडचाच शेजारी. स्वारीत विहारांचे नुकसान झाले, भिक्खूही मारले गेले. पुढे बाजी पालटली आणि कर्णाचे सैनिक कापले जाऊ लागले, तेव्हा दीपंकरांनी त्या शत्रूच्या सैनिकांना आसरा दिला. मग दोन्ही राजांमध्ये जाऊन येऊन तह घडवून आणला. सुवर्णद्वीपात शिकलेले त्यांनी इथे कृतीत आणले.

सोने कशासाठी खर्च करायचे

इकडे सतलजच्या खोऱ्यात येशे-ओ म्हातारा झाला होता. विक्रमशिलेच्या थोर आचार्याला आणायचे, त्यासाठी सोने जमवायचे, हा ध्यास त्याने घेतला. तिबेटी परंपरेतील प्रसिद्ध कथा अशी : सोन्याच्या शोधात फिरताना तो शत्रू राजाच्या हाती सापडला. सुटकेसाठी त्याच्या वजनाइतके सोने मागितले गेले. नात्यातल्या जांगचुब-ओने सोने जमवले, ते डोक्याच्या वजनाएवढे कमी पडले. तेव्हा येशे-ओने निरोप दिला की माझे आयुष्य संपत आले आहे, हे सोने माझ्यावर घालवू नका, भारतातून आचार्य आणा. तो कैदेतच मेला. ही कथा जशीच्या तशी घडली का, याबद्दल आजच्या इतिहासकारांना शंका आहे. पण त्या लोकांनी हजार वर्षे हीच कथा आपल्या मुलांना सांगितली. आपल्या राजाची आठवण म्हणून त्यांनी विजयाची गोष्ट न निवडता शिक्षणावर ओवाळून टाकलेल्या सोन्याची गोष्ट निवडली.

जांगचुब-ओने नागछो नावाचा तरुण भाषांतरकार सोने देऊन विक्रमशिलेला पाठवला. आधीच्या निमंत्रणाला दीपंकरांनी नकार दिला होता. या वेळी त्यांना जावेसे वाटले. महाविहाराचे ज्येष्ठ रत्नाकरशांती मात्र तयार नव्हते. हा माणूस गेला तर इथला आधार जाईल, ही त्यांची भीती होती, आणि ती खोटी नव्हती. शेवटी तीन वर्षांत परत आणून सोडायच्या बोलीवर त्यांनी परवानगी दिली. आलेले सोने दीपंकरांनी स्वतःसाठी न ठेवता विहारांना वाटून टाकले.

१०४० मध्ये ते निघाले. वय ५८. नेपाळात वर्षभर मुक्काम झाला. सोबतचा एक तिबेटी भाषांतरकार तिथेच तापाने गेला. तिथून त्यांनी नयपाल राजाला उपदेशपर पत्र लिहिले. ते विमलरत्नलेख या नावाने आजही उपलब्ध आहे. मग हिमालयाच्या खिंडी ओलांडून, मानसरोवराच्या काठाने १०४२ मध्ये ते सतलजच्या खोऱ्यात, थोलिंगला पोहोचले.

अडुसष्ट श्लोकांचा ग्रंथ

थोलिंगमध्ये त्यांची भेट रिंचेन झांगपोशी झाली, तेव्हा तो ८५ वर्षांचा होता. शेकडो ग्रंथांचा भाषांतरकार, अंगात थोडी ऐटही होती. अतिशांनी त्याला एकेका ग्रंथाबद्दल विचारले, त्याने सगळ्यांची उत्तरे दिली. तेव्हा, एवढे सगळे जाणणारा माणूस इथे असताना मला बोलावले कशाला, असे अतिशांना वाटले. मग त्यांनी विचारले की या सगळ्यांचा सराव एकत्र कसा करायचा. रिंचेन झांगपोने प्रत्येकाचा वेगवेगळा, असे उत्तर दिले. तिथे अतिशांना कळले की आपली गरज नेमकी कशासाठी आहे. या देशात ज्ञान आले होते, पण ते जीवनात एकसंध कसे आणायचे हे कोणी सांगितले नव्हते. ही गोष्ट रिंचेन झांगपोने मोठ्या मनाने मान्य केली आणि उरलेली वर्षे ध्यानात घालवली.

जांगचुब-ओनेही एक शहाणपणाची मागणी केली. गूढ, चमत्कारी असे काही नको. सामान्य माणसाच्या उपयोगाचे, सगळ्या देशाला चालेल असे काही द्या. त्या मागणीतून बोधिपथप्रदीप हा ग्रंथ जन्माला आला. तो केवळ ६८ श्लोकांचा आहे. माणसांचे तीन प्रकार त्यात सांगितले आहेत : फक्त आपल्या ऐहिक सुखापुरते पाहणारे, आपल्या दुःखमुक्तीसाठी झटणारे, आणि सगळ्यांच्या दुःखमुक्तीसाठी झटणारे. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत पायरी पायरीने कसे चढायचे, हा त्याचा विषय. त्रिशरण आणि शील यांच्याशिवाय पुढची पायरी नाही, हे त्यात स्पष्ट आहे.

आणि इथेच आपल्या पहिल्या आक्षेपाचे उत्तर आहे. तंत्राच्या नावाने चाललेला स्वैराचार हा तेव्हाच्या तिबेटचा रोग होता. स्वतः तंत्र शिकलेल्या अतिशांनी या ग्रंथात लक्ष्मणरेषा ओढली : ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या भिक्खूने त्या व्रताला बाधा आणणारे तांत्रिक अभिषेक घेऊ नयेत. त्यांनी तंत्र पूर्ण नाकारले नाही. तारेची उपासना ते स्वतः करत. त्यांना बुद्धिवादी ठरवण्याचा खोटेपणा आम्ही करणार नाही. पण लामांचा धर्म म्हणजे निव्वळ जादूटोणा, हा समजही तितकाच खोटा आहे. त्या परंपरेच्या मुळाशी शिस्त आणि नीती यांचा आग्रह धरणारा एक शिक्षक उभा आहे.

उत्तराधिकारी एक उपासक

तीन वर्षे संपली. १०४५ मध्ये ते परतीसाठी निघाले, पण नेपाळच्या सीमेवर लढाया सुरू असल्याने वाट बंद होती. त्याच वेळी पुरंग भागात मध्य तिबेटहून आलेला द्रोमतोन त्यांना भेटला. हा भिक्खू नव्हता. गुरूच्या घरी चाकरी करत, गुरे राखत, धान्य दळत शिकलेला माणूस होता, आणि शेवटपर्यंत उपासकच राहिला. त्याच्या आग्रहावरून अतिश मध्य तिबेटात गेले. आयुष्याची उरलेली नऊ वर्षे ते गावोगाव शिकवत फिरले. साम्येच्या ग्रंथालयात त्यांनी संस्कृत पोथ्या पाहिल्या. त्यांतल्या काही त्यांना भारतातही कधी दिसल्या नव्हत्या. ज्या भूमीला आपण द्यायला आलो, तिने आपली ठेव जपून ठेवली आहे, हे पाहून ते थक्क झाले.

१०५४ मध्ये ल्हासाजवळ न्येथांग येथे ७२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ते भारतात कधीच परतले नाहीत. द्रोमतोनने पुढे रेतिंगचा विहार स्थापला आणि अतिशांच्या शिकवणीतून कदम परंपरा उभी राहिली. हजारो भिक्खू असलेल्या देशात या परंपरेचा पहिला धुरीण उपासक होता, हे आपल्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. धम्म पुढे नेण्याची जबाबदारी फक्त चीवर घातलेल्यांची नाही.

बोधिपथप्रदीपाच्या पायावर चोंगखापाने १४०२ मध्ये आपला मार्गक्रमाचा विस्तृत ग्रंथ लिहिला. त्यातून गेलुग परंपरा वाढली. दलाई लामा याच परंपरेतले. नॉर्ग्येलिंगच्या तिबेटी बांधवांचे नाते असे हजार वर्षे मागे जाऊन विक्रमशिलेला भिडते.

मागे काय उरले

रत्नाकरशांतींची भीती खरी ठरली. अतिश गेल्यानंतर सुमारे दीडशे वर्षांत विक्रमशिला उद्ध्वस्त झाली. तिथे लिहिलेले असंख्य ग्रंथ मूळ संस्कृतात नाहीसे झाले. उरले ते तिबेटी भाषांतरात. स्वतः अतिशांचा बोधिपथप्रदीपही आज आपल्याला मिळतो तो तिबेटीतूनच. ज्या गुगेने पोरे शिकायला पाठवली, त्याच्या मेहनतीमुळे भारताचे हरवलेले शब्द वाचले. सारनाथला १९६७ मध्ये सुरू झालेल्या तिबेटी उच्च शिक्षण संस्थेत आज असे ग्रंथ तिबेटीतून पुन्हा संस्कृतात आणले जातात.

त्या खोऱ्याचेही पुढे फारसे चांगले झाले नाही. १६२४ मध्ये गोव्याशी संबंध असलेला जेझुइट पाद्री आंद्रादे छापरांगला पोहोचला, तेव्हा गुगेचे राज्य शेवटच्या घटका मोजत होते. १६३० मध्ये लडाखच्या राजाने ते जिंकले. १९६० च्या दशकात चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत थोलिंगची मोठी मोडतोड झाली. अतिशांच्या अस्थींचा काही भाग १९७८ मध्ये ढाक्याला आणण्यात आला, म्हणजे जन्मभूमीत ते असे परतले. पवित्र मानलेल्या नदीने, पर्वताने यातले काहीही थांबवले नाही. जागा कितीही पवित्र असली तरी ती धम्म राखत नाही. तो राखतात शिकणारी, भाषांतर करणारी, शील पाळणारी माणसे. झांगझुंग गेले, गुगे गेले, विक्रमशिला गेली, तरी अतिशांचे ६८ श्लोक राहिले, कारण ते पाठ करणारे आणि जगणारे लोक राहिले.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे, वैनगंगेच्या खोऱ्याकडे. हेही प्राचीन बौद्ध खोरे आहे. आपल्याच जिल्ह्यात पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झाले आणि सम्राट अशोकाच्या काळापर्यंत मागे जाणारा स्तूप समोर आला. मुचलिंद नागाचे शिल्प तिथे मिळाले. लाखनी ते पवनी हे अंतर सकाळी निघून संध्याकाळी परतण्याचे. तरीही त्या टेकडीवर आपल्यातले किती जण अभ्यासासाठी जातात? आपल्याकडे पंचशील आहे, बावीस प्रतिज्ञा आहेत, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' घराघरांत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली ती एका हरवलेल्या परंपरेची पुनर्स्थापना होती. येशे-ओ ज्या टप्प्यावर होता, तोच आपला टप्पा आहे. नाव मिळाले आहे, ओळख मिळाली आहे. पुढचे काम अभ्यासाचे आहे.

म्हणून आम्ही लाखनी, साकोली, पवनी भागातल्या मंडळांना आणि विहार समित्यांना एक साधी गोष्ट सुचवतो. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग दरवर्षी एका मुलासाठी किंवा मुलीसाठी बाजूला काढावा. त्या मुलाने नागपूर विद्यापीठाच्या पाली-प्राकृत विभागात पाली शिकावी, किंवा सारनाथला जाऊन तिबेटी शिकावी, आणि परत येऊन आपल्या विहारात शिकवावे. नॉर्ग्येलिंगच्या बांधवांना बुद्ध पौर्णिमेला पाहुणे म्हणून बोलवावे आणि आपणही त्यांच्या विहारात जाऊन बसावे. त्यांचे सगळे आपण मानलेच पाहिजे असे नाही. अतिशांनीही सगळ्यांचे ऐकले आणि पारखून घेतले.

गुगेने २१ पाठवले आणि २ परत आले, तेवढ्यावर एक परंपरा हजार वर्षे चालली. आपल्या पोरांना तर आज नागपूरची बस दर तासाला मिळते. यंदा तुमच्या विहारातून कोण जाणार, हे येत्या बैठकीत ठरवा.

नमो बुद्धाय. जय भीम.